वेबसाइट आणि ब्लॉग एका घरात नांदवायचे कसे: तांब्या-पितळेच्या दुकानातला अनुभव

"तांब्याच्या पातेल्यात चिंच घातलेली आमटी उकळली तर चालेल का हो?"

दुकान उघडून तास होत नाही तोवर हा फोन येतो. मामंजी सांगतात, आतून कल्हई, म्हणजे कथिलाचा मुलामा, असेल तर खुशाल करा. नसेल तर आंबट काही घालू नका, आंबटात तांबं उतरतं. चिंच, लिंबू, ताक, टोमॅटो, सगळं त्यातच आलं. फोन ठेवून गिऱ्हाइकाकडे वळतात तोवर दुसरा फोन: "पातेल्याला कल्हई करायला काय घेता?"

दुसऱ्या प्रश्नाला आकडा हवा असतो. पहिल्याला बसून समजावून सांगावं लागतं. वेबसाइटवर काय ठेवायचं आणि ब्लॉगवर काय लिहायचं, याचं माझं सगळं गणित या दोन फोनवरून सुरू झालं.

आमचं दुकान पुण्यात रविवार पेठेत आहे, भांड्यांची घडाई कसब्यातल्या तांबट आळीत होते. लग्नाआधी मी नारायण पेठेत डीटीपी करायचे, म्हणून घरातलं कंप्युटरचं जे काही असेल ते आपसूक माझ्याकडे आलं. २०१३ साली दुकानाची पाच पानांची वेबसाइट झाली. २०१६ पासून मी ब्लॉगर या गूगलच्या सेवेवर निराळा ब्लॉग लिहू लागले, कल्हई, हंडे, समया, जुन्या भांड्यांची निगा असं सगळं. पाच वर्षं दोन्हींची एकमेकांशी ओळखच नव्हती. ब्लॉग वाचणाऱ्याला आमचं दुकान आहे हे कळायचं नाही आणि वेबसाइट पाहून भांडं नेणाऱ्याला ते सांभाळायचं कसं हे कळायचं नाही. २०२१ मध्ये मी दोन्ही एकत्र बांधली. तुमचं दुकान, क्लास, दवाखाना, खानावळ, काहीही असो, हे काम तुम्हाला स्वतःला करता येतं. मी कसं केलं ते सांगते.

आधी वही

कंप्युटर उघडू नका. शंभर पानी वही घ्या आणि पंधरा दिवस गल्ल्याशेजारी ठेवा. फोनवर, समोर, व्हॉट्सअ‍ॅपवर जो प्रश्न येईल तो विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचा. 'ताम्रपात्रातील अन्नसंस्कार' असं लिहायचं नाही, 'पाणी हिरवट का दिसतंय' असं लिहायचं. माझ्या वहीत पंधरा दिवसांत सत्तरेक ओळी झाल्या, आणि त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न तेच ते होते.

मग प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची. ज्याचं उत्तर एका ओळीत संपतं आणि जे बदलत राहतं, ते वेबसाइटचं. दर, वेळ, पत्ता, किती दिवसांत मिळेल, यूपीआय चालतं का, दुपारी दुकान किती ते किती बंद असतं. ज्याच्या उत्तरात 'कारण' हा शब्द येतो, ते ब्लॉगचं. कल्हई उडते कशी, पितळ काळं का पडतं, काशाची थाळी आणि पितळेची थाळी यांत फरक काय (पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील, हे एकदा लिहून ठेवल्यापासून माझा रोजचा अर्धा तास वाचतो).

काही प्रश्न मधले असतात. 'जुनी भांडी मोडीत घेता का?' उत्तर 'हो' एवढंच, पण वजन कसं होतं, डाग आणि झाळण, म्हणजे जोडकाम, असेल तर काय धरतात, हे सांगायला लेख हवा. अशा वेळी 'हो' वेबसाइटवर लिहायचं आणि बाकीचं ब्लॉगवर, मध्ये लिंक.

नाव तुमच्या नावावर हवं

हे दुसरं सांगते, पण खरं तर सगळ्यात आधी तपासायची गोष्ट हीच. आमची पहिली वेबसाइट ज्याने केली, त्याने डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव-पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. एका वर्षी नूतनीकरण राहिलं, त्याचा फोन लागेना, आणि दुकानाचं नाव हातचं गेलं. पिशव्यांवर, कार्डांवर, पावतीपुस्तकावर छापलेला पत्ता निरुपयोगी झाला. मामंजींनी दोन हजार पिशव्यांवर नवा पत्ता चिकटवत दोन रात्री काढल्या. त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही, म्हणून हे कळकळीने सांगते: डोमेनचं खातं मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर, मालकाच्या मोबाइलवर. नूतनीकरणाची तारीख देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहा. वेबसाइट करणारा कितीही घरचा असला तरी.

डोमेन हातात आलं की ब्लॉगही त्याच नावाखाली आणायचा. याचे दोन रस्ते आहेत.

तुमचा ब्लॉग ब्लॉगरवर असेल आणि हलवायची धास्ती वाटत असेल, तर तो तिथेच राहू द्या, फक्त पत्ता आपला द्या. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये 'कस्टम डोमेन' आहे. तिथे तुमच्या डोमेनच्या आधी 'ब्लॉग' आणि टिंब लावून पत्ता भरायचा. ते तुम्हाला दोन सीनेम नोंदी (पत्ता कुठे वळवायचा ते सांगणाऱ्या ओळी) देतात, त्या जशाच्या तशा डोमेनच्या खात्यात नेऊन भरायच्या. जुन्या ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर येणाऱ्याला ब्लॉगर आपणहून नव्या पत्त्यावर आणून सोडतं. याला वेगळे पैसे पडत नाहीत. अडचण एकच, ब्लॉगर तुमच्या वेबसाइटच्या आतल्या फोल्डरमध्ये बसत नाही, शेजारच्या खोलीत राहतो.

दुसरा रस्ता म्हणजे दोन्ही वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर. वर्डप्रेस २००३ मध्ये निघालं ते ब्लॉगसाठीच, स्थिर पानांची सोय त्यात २००५ मध्ये आली. त्यामुळे एकाच जागी वेबसाइट आणि ब्लॉग दोन्ही मांडता येतात. बटण कुठे आहे ते मला महिनाभर सापडलं नव्हतं, म्हणून सांगून ठेवते. 'सेटिंग्ज'मध्ये 'रीडिंग', तिथे पहिल्या पानासाठी 'स्टॅटिक पेज' निवडायचं, आणि लेखांसाठी एक रिकामं पान करून ते 'पोस्ट्स पेज' म्हणून द्यायचं. मी त्या पानाला 'निगा' असं नाव दिलं. 'ब्लॉग' या शब्दावर बोट ठेवायला आमची गिऱ्हाइकं बिचकत होती.

गूगलला दोन्ही मांडण्या वाचता येतात. मी वर्डप्रेस निवडलं, कारण दोन पासवर्ड, दोन मेनू, दोन रंगसंगती सांभाळणं मला जमेना.

एका लिंकची गोष्ट

हे बारकाईने सांगते, कारण जोडी जमते ती इथेच.

'कल्हई करून मिळेल' हे आमच्या वेबसाइटचं पान. त्यावर दर आहेत, किती दिवस लागतात ते आहे, भांडं घासून आणा, कडी सैल असेल तर आधी सांगा, एवढंच. हे पान वाचणारा घाईत असतो. त्याला मी कल्हईचा इतिहास सांगत नाही. पण खाली एक ओळ आहे: 'तुमच्या भांड्याला आता कल्हई हवी आहे का, हे घरच्या घरी कसं ओळखाल'. ती लिंक ब्लॉगवरच्या लेखाकडे जायची (तो लेख पुढे वेबसाइटचं पान कसा झाला, ते शेवटी सांगते).

तिकडच्या लेखात मी तांबट आळीतल्या आमच्या कारागीर काकांकडे वाचणाऱ्याला घेऊन जाते. भांडं भट्टीवर तापतं, काका चिमूटभर नवसागर टाकतात, पांढरा धूर उठतो, कथिलाची कांडी तापल्या अंगाला लागताच पाणी होते आणि कापसाच्या बोळ्याने एका हातात सगळीकडे फिरते. तांबूस पोट बघता बघता चांदीसारखं होतं. हे सांगितल्यावर मुद्दा आपोआप समजतो: कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं. म्हणजे कल्हईचं पातेलं रिकामंच गॅसवर ठेवून तुम्ही फोन घ्यायला गेलात, तर कल्हई काकांच्या भट्टीत जशी पसरली तशीच तुमच्या गॅसवर ओघळते. आधी पाणी किंवा तेल, मग गॅस. आतून तांब्याचा लालसर रंग डोकावायला लागला की कल्हईची वेळ झाली.

या लेखात दर लिहिलेला नाही. शेवटी 'कल्हईचे आजचे दर आणि लागणारे दिवस' अशी लिंक आहे, ती वेबसाइटच्या पानावर परत येते. दर वाढले की मी एकाच ठिकाणी आकडा बदलते, ब्लॉगला हातही लावावा लागत नाही.

लिंकचे शब्द नेहमी वस्तूचं नाव घेणारे ठेवा. 'इथे क्लिक करा' यातून वाचणाऱ्यालाही काही कळत नाही आणि गूगललाही. आणि एका लेखातून वेबसाइटकडे जाणारी लिंक एकच ठेवा, फार तर दोन. माझ्या सुरुवातीच्या लेखांत आठ-आठ होत्या. वाचणारा मध्येच उठून जायचा, परत यायचा नाही.

पत्ता एकदाच

२०१९ मध्ये मी ब्लॉगवर एक लेख लिहिला होता, लग्नाच्या रुखवतासाठी भांडी निवडण्याबद्दल. त्याच्या शेवटी प्रेमाने सगळं लिहिलं: गाडी कुठे लावा, कुठल्या बोळातून आत या. लेख छान चालला. मग २९ सप्टेंबर २०२४ ला मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला, कसबा पेठ आणि मंडई ही स्टेशनं आली, आणि मी वेबसाइटवरचं 'कसे याल' हे पान त्याच आठवड्यात बदललं. रुखवताचा लेख मात्र तसाच राहिला. दोन महिन्यांनी चिंचवडहून एक आई आणि मुलगी आल्या, उन्हात अर्धा तास गाडी फिरवून घामाघूम झालेल्या. "तुमच्याच लेखात लिहिलंय ना इथे गाडी लावा म्हणून," त्यांनी मोबाइल पुढे केला. पाणी दिलं, माफी मागितली, दुसरं काय करणार. येताना त्या मेट्रोने वीस पावलांच्या कामात आल्या असत्या.

त्या रात्री बसून मी सगळ्या लेखांतून पत्ता, वेळ, फोन, पार्किंग काढून टाकलं आणि तिथे 'कसे याल' या पानाची लिंक दिली. बदलणारी गोष्ट घरात एकाच कोनाड्यात. गणेशोत्सवात लक्ष्मी रस्ता आणि आजूबाजूचे रस्ते वाहनांना बंद होतात, तेव्हाही मी ब्लॉगवर वेगळी सूचना लिहीत नाही. त्याच पानाच्या डोक्यावर एक पट्टी लावते आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी काढते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी चार गोष्टी

आमच्या जुन्या भावपत्रकाचा सगळा मजकूर श्रीलिपीत, म्हणजे डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये, होता. तो तसाच उचलून वेबसाइटवर डकवला की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचा. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र, रफार, आणि पहिली वेलांटी इथे चुका हमखास निघतात. मला चौदा पानांना तीन दुपारी लागल्या. वर्डप्रेसची भाषा 'मराठी' निवडा, 'हिंदी' नको. पानाला भाषेची योग्य खूण लागली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात. शाळेत गिरवलेला ल पडद्यावर दिसला की वाचणाऱ्याला घरचं वाटतं, हे मी डीटीपीच्या दिवसांपासून पाहत आले आहे.

लेखाचा पत्ता, म्हणजे वर्डप्रेसमधला 'स्लग', रोमन लिपीत आणि लहान ठेवा. देवनागरीतला पत्ता ब्राउझरमध्ये सुंदर दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्क्याच्या खुणांची मालगाडी होते. एका देवनागरी चिन्हाचे तीन बाइट, लिंकमध्ये एका बाइटची तीन अक्षरं, म्हणजे चिन्हामागे नऊ. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. नुसत्या 'कल्हई'ची पंचेचाळीस होतात. वर्डप्रेस पत्त्याला दोनशे अक्षरांची मर्यादा ठेवतं, त्यामुळे माझ्या 'तांब्याच्या भांड्यांना कल्हई कधी करावी' या लेखाच्या पत्त्यात कल्हईतला फक्त 'क' उरला होता. गिऱ्हाइकांना ती लिंक बनावट वाटून ते उघडतच नव्हते.

आणि लोक ज्या शब्दाने शोधतात तो शब्द लेखात असू द्या. आम्ही 'कल्हई' म्हणतो, कितीतरी लोक 'कलई' लिहितात. मी दोन्ही एकेकदा वापरते, वाक्यात बसतील असे. त्याहून जास्त कोंबलं की मजकूर बिघडतो.

पहिल्या पानावर काय दाखवायचं

बहुतेक वेबसाइटवर 'ताजे लेख' म्हणून शेवटचे तीन लेख आपोआप येतात. ब्लॉगची फीड (नव्या लेखांची आपोआप बनणारी यादी) जोडली की हे होतं, सोपं आहे. मी ते लावलं आणि वर्षभराने काढलं. लिहायला चार महिने जमलं नाही की पहिल्या पानावर मागच्या दिवाळीचा लेख दिसत राहतो, आणि दुकान चालू आहे की बंद असं वाटायला लागतं.

त्यापेक्षा लेख हाताने निवडून लावा, मोसमाप्रमाणे. आमच्याकडे गणपतीच्या आधी समई-निरांजनं चिंचेने कशी उजळायची तो लेख वर येतो. दिवाळीच्या तोंडावर फराळाची कढई आणि झारा. चैत्रापासून पाण्याचा तांब्याचा हंडा. तुळशीच्या लग्नानंतर रुखवत. तेच लेख दरवर्षी फिरून येतात, आणि जुना लेख वाईट दिसत नाही, कारण तो वेळेवर आलेला असतो. मात्र वर लावण्याआधी एकदा वाचायचा, आणि 'शेवटचा बदल' ही तारीख त्यावर दिसू द्यायची.

लेख पिकला की पान करायचं

वर्षातून एकदा, पितृपक्षात दुकानाला जरा उसंत असते तेव्हा, मी गूगल सर्च कन्सोल उघडते. फुकट आहे, फक्त वेबसाइट आपली आहे हे एकदा सिद्ध करावं लागतं. लोक काय टाइप करून कुठल्या पानावर आले, ते तिथे दिसतं. जो लेख सलग वर्षभर वाचला गेला, तो आता ब्लॉगवर ठेवायचा नाही. त्याला वेबसाइटच्या मेनूत जागा द्यायची. कल्हई ओळखण्याचा लेख आमच्याकडे असाच पान झाला. ब्लॉगवर मी तो चाचपडत लिहिला होता, लोकांनी पुढचे प्रश्न विचारले, मी भर घातली, आणि तीन वर्षांत तो पक्का झाला.

हलवताना एक काळजी घ्या. तोच मजकूर दोन पत्त्यांवर ठेवू नका. जुन्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुनी लिंक धरून येणारा थेट नव्या पानावर पोचतो. काही कारणाने दोन्ही ठेवावीच लागली, तर कॅनॉनिकल टॅगने मूळ पान कोणतं ते सांगा; शोधयंत्रांनी ही सोय २००९ पासून दिलेली आहे. आणि नव्या पानाकडे इतर लेखांतून जाणाऱ्या लिंका त्याच दिवशी बदला. उद्यावर टाकलं की राहतं.

लिहायचं कोणी, हा प्रश्न मला फार जण विचारतात. ज्याच्या हाताला ते काम येतं त्याने बोलायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. आमचे काका लिहीत नाहीत. मी मोबाइल भट्टीपासून लांब ठेवून रेकॉर्ड करते, रात्री ऐकून उतरवते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वाचून दाखवते. "हे मी असं नाही म्हणालो" असं म्हणाले की तिथे दुरुस्ती. फोटो तिथेच, त्यांच्या हातांचे. वेबसाइटवर मात्र भांड्यांचे साधे, पांढऱ्या भिंतीपुढचे फोटो हवेत, शेजारी वाटी ठेवून, म्हणजे आकार कळतो.

वही अजून गल्ल्याशेजारीच असते. या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, 'तांब्याचं पातेलं इंडक्शनवर चालतं का?' नेहमीच्या घरगुती इंडक्शनवर चालत नाही, तांब्याला चुंबक धरत नाही. उत्तर इतकं छोटं असलं तरी 'मग काय करू' हे त्यापुढे लगेच येतं, म्हणून रविवारी काकांकडे जाऊन बसणार आहे. लेख आधी ब्लॉगवर जाईल. पातेल्यांच्या पानावर, वजन आणि मापाच्या खाली, 'इंडक्शनसाठी नाही' ही ओळ मात्र मी आजच घातली.